सप्टेंबरात कुंड्या पालथ्या घालू नका

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परदेशी स्थायिक झालेल्या गोमंतकीयांच्या घरगुती बागांविषयी आपल्या रविवार पुरवणीत मध्यंतरी जो लेख आला, तो मी आवडीने वाचला. माझी मुलगी आणि जावई गेली अकरा वर्षे इंग्लंडमधील स्विंडन येथे राहतात, आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून ऑगस्टच्या मध्याला त्यांच्याकडे जायचे व नोव्हेंबरात फोंड्याला परतायचे, असा माझा क्रम सहा वर्षे चालू आहे. लेखातील कोथिंबीर, मेथी, मिरची आणि तुळस यांची माहिती उपयुक्त आहे, तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. परंतु लेखाच्या शेवटी आलेली दोन विधाने मला पटलेली नाहीत आणि ती तशीच राहिली तर वाचकांची दिशाभूल होईल, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे. थंड देशात सप्टेंबर सरला की बाग आवरावी, कुंड्या पालथ्या घालाव्यात आणि एप्रिलपर्यंत मातीकडे फिरकू नये, हे पहिले विधान. तिकडच्या फुलझाडांचे कंद सुट्टीत येताना सोबत आणून इथल्या सावलीत लावून पाहावेत, हे दुसरे. पहिल्या सल्ल्याने तिथल्या आपल्या माणसांचे नुकसान होते, तर दुसऱ्याने इथल्या झाडांचे होऊ शकते. सिक्लमेन आणि हेदर या तिथल्या दोन फुलझाडांच्या आधारे मी हे सांगणार आहे.

पहिल्या विधानाविषयी अधिक लिहायचे आहे, कारण माझ्या मुलीनेही सुरुवातीची काही वर्षे हाच समज धरला होता. आमच्याकडे भाद्रपद-आश्विन म्हणजे परसाचे सर्वांत भरलेले दिवस. पावसाने धुतलेली पाने, गडग्यावर तेरडा, दारात अबोली, दसऱ्याच्या तोंडावर झेंडू, असे सगळे एकदम असते. त्याच दिवसांत मी पहिल्यांदा स्विंडनला गेले, तेव्हा मुलीच्या परसात भिंतीशी पालथ्या घातलेल्या कुंड्यांची रांग, ओले गवत आणि काळवंडलेली टोमॅटोची झाडे एवढेच होते. ‘आई, आता मार्चपर्यंत इथे काही व्हायचे नाही,’ असे ती म्हणाली, आणि ते तिने ज्या सुरात म्हटले तो सूर मला आजही आठवतो. डिसेंबरात तिथे दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, माणूस अंधारात कामाला जातो आणि अंधारातच परततो. अशा महिन्यांत दारात फुललेले एक रोप असणे आणि नसणे यांत किती अंतर असते, हे आम्हां गोव्यात राहणाऱ्यांना सहज कळणार नाही.

आठवड्याभराने कुंपणापलीकडच्या वयस्क शेजारीणबाईंनी मला त्यांचे परस दाखवले. सफरचंदाच्या जुन्या झाडाखाली गळलेली पिवळी पाने पसरली होती आणि त्या पानांतून शेकडो गुलाबी-पांढरी फुले वर आली होती. त्या फुलझाडाला स्वतःचे एकही पान नाही, जमिनीतून थेट बोटभर उंचीचे देठ आणि त्यांवर पाच पाकळ्यांची फुले. पाकळ्या खाली न झुकता मागे वळलेल्या, आपल्या कळलावीच्या फुलात असतात तशा. ते सिक्लमेन होते, आणि त्यातही ‘सिक्लमेन हेडरिफोलियम’ ही जात, म्हणजे आयव्ही या वेलीसारख्या पानांची. ऑगस्टच्या अखेरीस तिची पहिली फुले येतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात ती भरात असते, आणि फुले ओसरू लागली की चंदेरी नक्षीची पाने येऊन ती पुढच्या वसंतापर्यंत जमीन झाकून ठेवतात. ज्या महिन्यात बाग मिटवावी असे आपला लेख सांगतो, त्याच महिन्यात हे झाड आपले वर्ष सुरू करते.

असे का होते, हे समजून घेतले की त्याची निगा आपोआप कळते. सिक्लमेनच्या वीसेक जाती आहेत, आणि त्यांचे मूळ घर मुख्यतः भूमध्य समुद्राभोवतीचा प्रदेश, तिथून पूर्वेला इराणपर्यंत. त्या मुलखात उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस पडतो तो हिवाळ्यात. त्यामुळे उन्हाळाभर कंद जमिनीत निपचित पडून राहतो आणि शरदातला पहिला पाऊस झाला की जागा होतो. आपल्याकडे मृगाचा पाऊस जे काम करतो, तेच तिथे सप्टेंबरचा पाऊस करतो. वैशाखात सुरणाच्या, तेऱ्याच्या किंवा रानहळदीच्या जागी जमिनीवर काहीही दिसत नाही, तरी तिथे कुदळ घालायची नाही हे कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, वाढलेल्या पोरालाही माहीत असते. सिक्लमेन नेमके तसेच वागते, फक्त त्याचे झोपेचे महिने वेगळे. म्हणून मला वाटते की हे झाड गोमंतकीयांना इतरांपेक्षा लवकर समजायला हवे. आणखी एक नाते सांगितल्यावाचून राहवत नाही. वनस्पतिशास्त्राच्या आजच्या वर्गीकरणानुसार सिक्लमेन ज्या कुळात मोडते, त्याच कुळात आपले वावडिंग आणि मांडवीकाठच्या खारफुटीतला काजळा ही झुडपेही आहेत. दिसायला त्यांचा एकमेकांशी काही संबंध वाटत नाही, पण आहे.

पानझडी झाडाखालची जागा या फुलांना मानवते, त्यामागेही हेच कारण आहे. उन्हाळ्यात झाडाची गर्द सावली असते आणि झाडाची मुळे माती कोरडी ठेवतात, म्हणजे झोपलेल्या कंदाला हवे तेच मिळते. शरदात पाने गळली की वरून उजेड येतो आणि गळलेल्या पानांचे पांघरूणही मिळते. ज्या कोपऱ्यात गवतसुद्धा नीट येत नाही, असा झाडाखालचा कोपरा बहुतेक इंग्रजी परसात असतो, आणि तिथे काय लावावे हा प्रश्न आपल्या लोकांना पडतो. त्याचे उत्तर हे आहे. कंद फार खोल पुरू नये, कारण हेडरिफोलियमची मुळे कंदाच्या माथ्यातून आणि कडांमधून फुटतात. वर तीन ते पाच सेंटिमीटर कुजलेल्या पानांची माती असली की पुरे. कंदाची खालची बाजू गोलसर असते आणि वरची किंचित खोलगट, तिथे कोंबांच्या बारीक गाठी दिसतात. नवखा माणूस हमखास उलटा लावतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले. पुडीत विकले जाणारे सुके कंद घेण्यापेक्षा कुंडीत वाढत असलेले, पानाफुलांसह असलेले रोप घ्यावे. सुकलेला कंद पुष्कळदा वर्षभर हलत नाही, आणि मग तो मेला समजून माणूस उकरून टाकतो.

आमच्या हातून झालेली पहिली चूक मात्र वेगळी होती. शेजारीणबाईंची फुले पाहून आम्ही हौसेने जवळच्या एका दुकानातून सिक्लमेनच्या सहा कुंड्या आणल्या. मोठी, भडक लाल फुले, भरदार पाने. कुंडीवरच्या चिठ्ठीत ‘सिक्लमेन’ एवढेच लिहिले होते. आम्ही ती रोपे सफरचंदाखाली लावावीत तशी आमच्या एकुलत्या एका झाडाखाली लावली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका रात्री दव गोठले आणि सकाळी सहाही रोपे शिजवलेल्या भाजीसारखी आडवी झाली. मुलगी हिरमुसली आणि ‘मी म्हटले नव्हते का’ असे तिच्या चेहऱ्यावर होते. नंतर कळले, ती पर्सिकम जातीची रोपे होती. तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉन या बाजूच्या या जातीपासून फुलवाल्यांनी पैदास केलेली मोठ्या फुलांची वाणे गोठवणारी थंडी सोसत नाहीत. ती घरातच ठेवायची, आणि घरातही दहा ते पंधरा अंश तापमानाच्या थंड खिडकीत, रेडिएटरपासून लांब. पाणी वरून कंदावर न ओतता बशीत घालायचे आणि अर्ध्या तासाने उरलेले काढून टाकायचे, नाहीतर करडी बुरशी धरते. कोमेजलेले फूल कात्रीने न कापता देठासकट पिळून मुळातून उपटायचे. बाहेर लावायची असेल तर चिठ्ठीवर ‘हेडरिफोलियम’ किंवा ‘कौम’ हा शब्द असल्याशिवाय रोप घेऊ नये. आपल्या लेखात या तीन जातींतला फरक दोन ओळींत जरी आला असता, तरी कितीतरी जणांचे पैसे आणि उमेद वाचली असती.

कौम ही जात हेडरिफोलियमची पाळी संपल्यावर येते. तिची पाने गोलसर, फुले आखूड आणि गुबगुबीत, आणि तिचा हंगाम ऐन हिवाळ्यात, साधारण जानेवारीपासून मार्चपर्यंत. बर्फातून तिची फुले वर आलेली मी फक्त मुलीने पाठवलेल्या छायाचित्रांत पाहिली आहेत. दोन्ही जाती एकाच जागी दाटीने लावू नयेत, कारण हेडरिफोलियम अंगाने मोठी आणि जोरकस असल्याने कौमला दाबून टाकते.

बियांची रीत तर शाळेत मुलांना शिकवावी अशी आहे. फूल गळले की हेडरिफोलियमचा देठ कारल्याच्या तणाव्यासारखा वेटोळे घेत घेत खाली जातो आणि बोंड जमिनीला टेकवतो. पुढच्या उन्हाळ्यात ते बोंड फुटते. बियांवर गोडसर, चिकट आवरण असते, त्यासाठी मुंग्या बिया ओढून नेतात, आवरण खातात आणि बी टाकून देतात. त्यामुळे फरसबंदीच्या फटीत, भिंतीच्या पायाशी, जिथे कुणी लावलेले नाही तिथे दोन-तीन वर्षांनी फुले दिसू लागतात. शेजारीणबाईंनी आम्हांला दिलेली पहिली नऊ रोपे अशीच त्यांच्या पायवाटेच्या फटीतून काढलेली होती, आणि आज मुलीच्या परसात जे सिक्लमेन आहे ते सगळे त्यांचेच वंशज आहे. ताजे बी दिवसभर पाण्यात भिजवून, धुऊन, अंधारात पेरले तर शरदात उगवते. फूल येण्यास दोन-तीन वर्षे लागतात. एक सावधगिरी मात्र मी ठळकपणे सांगेन. आपल्याकडे कंद म्हटला की तो उकडून खाता येईल का, हा विचार आधी येतो. सिक्लमेनचा कंद विषारी आहे. लहान मुले आणि कुत्री-मांजरे असलेल्या घरात उकरलेले कंद उघड्यावर ठेवू नयेत.

आता हेदर या बुटक्या, सदाहरित फुलझुडपाविषयी. सिक्लमेनला सावली चालते, हेदरला उघडे आकाश आणि ऊन लागते, म्हणून ही दोन झाडे एकाच वाफ्यात नव्हे तर एकाच परसात दोन निरनिराळ्या जागी शोभतात. ‘हेदर’ या एका नावाखाली तिथे मुख्यतः दोन गट विकले जातात. एक कॅलुना, ज्याची जगात एकच जाती आहे आणि ऑगस्टमध्ये स्कॉटलंडचे डोंगर जांभळे होतात ते तिच्यामुळे. दुसरा एरिका, ज्याच्या आठशेहून अधिक जाती असून त्यांतल्या बहुसंख्य दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला आहेत, युरोपात मोजक्याच. कॅलुनाची पाने खवल्यांसारखी देठाला चिकटलेली, एरिकाची सुईसारखी. कॅलुना हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले त्याचा अर्थ झाडून स्वच्छ करणे असा आहे, कारण तिच्या फांद्यांच्या केरसुण्या करीत. माडाच्या हिरांच्या केरसुणीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे वाचून जवळीक वाटेल.

हा फरक फक्त पाठांतरापुरता नाही, आमची दुसरी चूक इथेच झाली. कॅलुनाला आम्लधर्मी माती लागते आणि चुना तिच्या मुळावर येतो. स्विंडनचे नळाचे पाणी चुनखडीच्या भागातले, जड. किटलीच्या तळाशी दोन आठवड्यांत पांढरा थर बसतो. मुलीच्या परसातली मातीही चुना असलेली चिकणमाती. हे काही ठाऊक नसताना मी तिथे कॅलुनाची पाच रोपे लावली आणि वर जावयांनी शेगडीतली जपून ठेवलेली लाकडाची राख त्यांच्या बुंध्याशी पसरली, कारण आमच्या परसात वांगी, दुधी, मिरची सगळ्यांना राख घालूनच मी वाढले. मी नोव्हेंबरात परतले. मार्चमध्ये मुलीने छायाचित्रे पाठवली, शेंडे आधी पिवळे आणि मग तपकिरी पडलेले. राख अल्कधर्मी असते, चुन्याची माती आणि चुन्याचे पाणी त्यात भर घालते, आणि अशा मातीत लोह असूनही ते झाडाला घेता येत नाही. त्या पाच रोपांचा दोष दुकानाचा नव्हता आणि हवेचाही नव्हता, तो माझा होता, आणि हे मी लिहिते ते याचसाठी की गोव्याहून गेलेली प्रत्येक आई किंवा सासू पहिल्या वर्षी हेच करील.

खताविषयीही तसेच आहे. हेदरच्या मुळांत एक प्रकारची बुरशी राहते आणि ती निकस मातीतून झाडाला अन्न मिळवून देते. शेणखत घातले तर झाड मऊ, उंच आणि फांद्यांनी विस्कळीत होते. तीन वर्षांपूर्वी मुलीने मला दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्ट या रानात नेले, तेव्हा हे मला डोळ्यांनी दिसले. वाळूसारखी पातळ, आम्ल, काही न पिकणारी जमीन, चरणारे तट्टू, आणि क्षितिजापर्यंत हेदर. मला त्या क्षणी चोर्ला घाटाच्या माथ्यावरचा सडा, म्हणजे उघडे खडकाळ पठार, आठवला. तिथेही जांभ्यावर चार बोटे माती, तीही आम्ल आणि निकस, आणि पावसाळ्यात त्याच मातीवर सीतेची आसवे, गेंद आणि तेरडा यांचे गालिचे. साम्य इतके पुढे जाते की सड्यावरच्या ओलसर जागी जी कीटक खाणारी दवबिंदू ही वनस्पती सापडते, तिच्याच प्रजातीतल्या जाती न्यू फॉरेस्टच्या दलदलीतही आहेत. मातीत पोषण नसले की झाडांनी काय काय युक्त्या शोधल्या, हे दोन्हीकडे सारखेच पाहायला मिळते. सड्याला पडीक जमीन म्हणणाऱ्यांनी आणि हेदरला खत घालणाऱ्यांनी हे एकदा पाहावे.

त्यानंतर आम्ही जे केले ते असे. कॅलुना कुंडीत लावली, तीही आम्लधर्मी मातीच्या मिश्रणात. ते मिश्रण तिथे वेगळे मिळते आणि पीट, म्हणजे दलदलीतला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, न वापरता केलेलेही मिळते, तेच घ्यावे, कारण पीट ज्या पाणथळ जमिनीतून काढतात ती तयार व्हायला हजारो वर्षे लागतात. पाणी फक्त पावसाचे. पन्हळीखाली पिंप ठेवण्याची सवय आम्हां गोव्याच्या लोकांना शिकवावी लागत नाही, पण तिथे राहायला गेलेली मुले ती विसरतात. मातीचा कस तपासण्याचा साधा संच तिथल्या कुठल्याही बागेच्या दुकानात मिळतो, आणि तोही नको असेल तर शेजारच्या हायड्रेंजियाकडे पाहावे. तिची फुले निळी असतील तर माती बहुधा आम्ल आणि गुलाबी असतील तर बहुधा चुन्याची. पांढऱ्या वाणांवरून काही कळत नाही.

जमिनीत मात्र आम्ही एरिका कार्निया लावली. ही आल्प्स पर्वतातली जाती चुना सहन करते, आणि तिची गंमत अशी की तिच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात. सप्टेंबरात रोप घेतले तर फांदीभर फिकट हिरव्या कळ्या दिसतात, आणि त्या डिसेंबरच्या आसपास उमलू लागून मार्च-एप्रिलपर्यंत टिकतात. तिचा आणि दुसऱ्या एका एरिकाचा संकर डार्लेयेन्सिस या नावाने मिळतो, डर्बीशायरमधल्या डार्ली डेल या गावावरून ते नाव पडले. तोही चुना सोसतो आणि अंगाने थोडा मोठा होतो. आमच्या दारापाशी दिव्याखाली ‘स्प्रिंगवुड व्हाइट’ या पांढऱ्या वाणाची सात रोपे आहेत, आणि संध्याकाळी अंधारात कामावरून येताना कुलूप उघडण्याआधी ती दिसतात, असे मुलगी सांगते. फेब्रुवारीतल्या एखाद्या उबदार दुपारी जमिनीखालून बाहेर पडणाऱ्या गलेलठ्ठ बंबल माशांना त्या दिवसांत दुसरे फारसे काही मिळत नाही, त्या थेट या फुलांवर येतात.

लावण्याचा उत्तम काळ सप्टेंबर-ऑक्टोबर हाच, कारण माती उन्हाळ्याची ऊब धरून असते आणि वरून पाऊस येतो, त्यामुळे थंडीआधी मुळे धरतात. दोन रोपांत तीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर अंतर ठेवावे, एकेकटे न लावता पाच-सात एकत्र लावावे, आणि रोप इतके बसवावे की खालची पाने मातीला टेकतील. छाटणीचा नियम एकच, तो न चुकता पाळावा. कॅलुना मार्च-एप्रिलमध्ये आणि हिवाळी एरिका फुले ओसरताच, वाळलेल्या फुलांच्या जरा खाली छाटावी, पण पाने नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कधी जाऊ नये. जुने लाकूड पुन्हा फुटत नाही. शरदात दुकानांबाहेर निळ्या, नारिंगी, भडक पिवळ्या रंगाचे हेदर दिसते, ते रंग फवारलेले असते, ते घेऊ नये. ज्यांना रंग टिकायला हवा त्यांनी कॅलुनाची अशी वाणे घ्यावीत, ज्यांच्या कळ्या कधी उमलतच नाहीत आणि म्हणून पार नोव्हेंबरपर्यंत रंग धरून राहतात.

दोन वर्षांपूर्वीच्या चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, गोष्ट. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-फुलांच्या चौकटीला, काय बांधायचे हा मोठा प्रश्न होता. नारळ, केळी, भोपळा आणि काकडी मिळाली, पण रानातले काय? इथे आमचे दीर श्रावण संपता संपता रानात जाऊन कांगल्यांपासून घागऱ्यांपर्यंत सगळे आणतात. नातीने विचारले की आजी, इथल्या रानात काय असते, आणि त्यावर मुलीने कुंडीतल्या कॅलुनाच्या फुललेल्या काड्या कापून जुड्या केल्या, परसातल्या सफरचंदांबरोबर आणि कुंपणावरच्या ब्लॅकबेरीच्या फांद्यांबरोबर त्या माटोळीला बांधल्या. माटोळी म्हणजे ज्या भूमीत आपण राहतो तिने त्या महिन्यात जे दिले ते देवापुढे ठेवणे, असेच मी आजवर समजत आले, आणि स्विंडनच्या भूमीने भाद्रपदात हेदर दिले होते. त्या दिवसापासून मुलीने कुंड्या पालथ्या घातल्या नाहीत.

आता लेखातील दुसरे विधान. कंद गोव्यात आणण्याचा सल्ला कृपया मागे घ्यावा. पहिली गोष्ट कायद्याची. २००३ च्या वनस्पती संसर्गरोध आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र नसताना लावण्यासाठीचे कंद, रोपे किंवा बिया बाहेरून आणता येत नाहीत. शिवाय सिक्लमेनची संपूर्ण प्रजाती दुर्मीळ वन्य जीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, कारण एके काळी तुर्कस्तानच्या डोंगरांतून रानटी कंद प्रचंड प्रमाणात खणून युरोपात विकले जात. तिथे राहणाऱ्यांनीही रोपवाटिकेत वाढवलेलीच रोपे घ्यावीत, त्याचे कारण हेच. दुसरी गोष्ट रोगकिडीची. कंदाबरोबर मातीचा कण येतो, मातीबरोबर काय येईल ते सांगता येत नाही, आणि ज्या प्रदेशात सुपारी, मिरवेल, आले, हळद हीच कुळागरवाल्यांची पुंजी आहे, तिथे अशी जोखीम घेऊ नये. तिथे कुंडीतल्या सिक्लमेनच्या कंदात व्हाइन वीव्हिल नावाच्या भुंग्याच्या पांढऱ्या अळ्या असू शकतात, रोप अचानक मान टाकेपर्यंत त्या बाहेरून कळतही नाहीत. तशी अळी बॅगेत घेऊन कोणी मोपाच्या विमानतळावर उतरावे, असे आपल्या लेखकालाही वाटत नसेल.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे ते जगणार नाही. फोंड्याला पौषातल्या रात्रीही तापमान वीस अंशांच्या आसपास असते. थंडावा नाही म्हणून सिक्लमेन फुलणार नाही, आणि ज्या महिन्यांत त्याला कोरडी झोप हवी त्याच महिन्यांत आमच्याकडे सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. कंद आषाढापर्यंत कुजून जाईल. नाताळच्या सुमारास इथल्या काही ठिकाणी थंड हवेच्या प्रदेशांतून आणलेल्या सिक्लमेनच्या कुंड्या शोभेला ठेवलेल्या दिसतात, त्या चार दिवसांची पाहुणी म्हणून पाहाव्यात. इथे कंदाचीच हौस असेल, तर सोनटक्का आहे, कळलावी आहे, कुळागराच्या कडेला आपसूक येणारी रानहळद आहे, आणि त्यांना इथला पाऊस हवाच असतो.

आपणांस एक विनंती आहे. आपले दैनिक आता परदेशातही मोबाइलवर वाचले जाते, आणि स्विंडनसारख्या गावात गोमंतकीयांची संख्या इतकी आहे की तिथल्या बागेचे प्रश्न हे आपल्याच वाचकांचे प्रश्न आहेत. पुरवणीत महिन्यातून एकदा तिथल्या हंगामाप्रमाणे चालणारे छोटे सदर सुरू करता आले तर फार बरे होईल. ते शक्य नसेल, तर निदान वरील दोन विधानांची दुरुस्ती ऑगस्ट संपण्याआधी छापावी. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या दुकानांच्या दारात सिक्लमेन आणि हेदर दोन्ही मांडली जातात, आणि चिठ्ठीवर कोणता शब्द शोधायचा हे तोवर लोकांना कळलेले असले पाहिजे.

आपली नम्र वाचक,
एक निवृत्त शिक्षिका
फोंडा, गोवा